पाला कमरेएवढा, बटाटे गोटीएवढे: गच्चीवरच्या पोत्यांत बिघडतं कुठे?

पोतं उलटं करायचा दिवस आमच्या घरी सणासारखा असतो. गच्चीवर जुनी चादर पसरायची, पोत्याचं तोंड खाली करायचं आणि मुलांनी माती चिवडत बटाटे शोधायचे. तीन वर्षं ओळीने हा सण दहा मिनिटांत आटोपला. झाडं कमरेला लागलेली, पाला इतका भरगच्च की शेजारच्या काकू "याची भाजी होते का हो?" असं विचारून गेल्या. (होत नाही. बटाट्याचा पाला विषारी असतो.) आणि मातीत काय, तर गोट्या. पहिल्या वर्षी चार पोत्यांत मिळून पाऊण किलो.

दरवर्षी आपण दोष देतो तो पोत्याला. पोतं लहान पडलं, पुढच्या वर्षी ड्रम घेऊ. मी घेतला. ड्रममध्येही गोट्याच निघाल्या, फक्त शोधायला जास्त माती उपसावी लागली. पोत्याचा दोष असतोही, पण त्याच्याआधी तीन गोष्टी तपासायच्या: ऊन, तारीख आणि खत. माझी गच्ची पुण्यातली, पश्चिमेला उघडी. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा आणि तुमच्या गावाप्रमाणे आठवडा-पंधरवडा पुढेमागे करा.

आधी मातीत काय निघालं ते नीट बघा

रिकामं पोतं पाहून नुसतं हळहळू नका, त्यात निदान असतं. पाला गडद हिरवा, फांद्या जाड, झाड आडवं पडलेलं आणि खाली चार-पाचच गोट्या असतील तर खत जास्त झालंय किंवा माती तापलीय. बहुधा दोन्ही. गोट्या पंचवीस-तीस आणि सगळ्या सारख्याच बारीक असतील तर दाटी झालीय किंवा काढणी लवकर झालीय. पांढरे दोऱ्यासारखे धुमारे भरपूर, पण त्यांच्या टोकाला फुगवटाच नाही, असं दिसलं तर जवळपास खात्रीने गरमी. बटाटे मोठे पण अंगाला गाठी फुटलेले, आल्यासारखे वेडेवाकडे, किंवा उभे चिरलेले असतील तर पाणी कधी खूप, कधी नाही असं झालंय. आणि लावलेलं बेणंच, म्हणजे लागवडीचा बटाटाच, कुजून लगदा झालं असेल तर बाकी सगळं विसरा, पाणी जास्त झालं.

आमच्याकडे धुमारे निघत होते. मला वाटायचं, ती मुळं आहेत. बटाटा हे मूळ नव्हे, हे शाळेत शिकून विसरलेलं. तो जमिनीखालचा खोडाचाच भाग. खोडाला मातीत आडवे धुमारे फुटतात आणि पानांत तयार झालेलं अन्न त्यांच्या टोकाला साठत गेलं की तिथे बटाटा धरतो. तो धरायला रात्र गार लागते, साधारण १५ ते २० अंश. माती ३० अंशांच्या पलीकडे गेली की काम बंद. झाड मरत नाही, ही खरी फसवणूक. उलट ते जोमाने वाढतं, नवी पानं काढतं, आपण खूश होतो, आणि खाली पाठवायचं अन्न वरच्या वरच संपतं.

पोतं तापतं, शेत तापत नाही

शेतात वीतभर खाली माती दिवसभर गारच असते. गच्चीवरच्या भांड्याला चारी बाजूंनी ऊन आणि खालून तापलेला स्लॅब. तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघरातला काठीसारखा तापमापक जानेवारीच्या एका दुपारी तीन वाजता मातीत खुपसला. हवा ३० अंश होती. रंगाच्या काळ्या बादलीत, पश्चिमेच्या कडेला ४१. शेजारच्या पांढऱ्या तांदळाच्या पोत्यात ३३. थर्माकोलच्या खोक्यात २६. त्या दिवशी माझा तीन वर्षांचा तिढा सुटला. तापमापक नसेल तर दुपारी तीनला भांड्याच्या आतल्या कडेने मातीत बोट घाला. बोटाला ऊब लागली, तर बटाट्यालाही लागतेय.

त्यामुळे भांडं निवडताना आता मी आकाराआधी ते किती तापतं ते बघते. मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके फुकटात मिळतात आणि बटाट्याला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. दोनदा साबणाने धुऊन चार दिवस उन्हात ठेवले की वास जातो, मांजरंही जातात. तळाला बोटाएवढी सात-आठ भोकं पाडायची. उंची फूटभर तरी हवी. पांढरी तांदळाची किंवा साखरेची पोती दुसऱ्या नंबरावर. पंधरा किलोचे तेलाचे पत्र्याचे डबे दिसायला छान, पण पत्रा तव्यासारखा तापतो. ते वापरायचेच तर बाहेरून चुन्याचे दोन हात द्या आणि गोणपाट गुंडाळा. काळी बादली, काळा ड्रम यांनाही तेच.

मग जागा. भांडी सुटी सुटी मांडू नका, एकमेकांना चिकटवून ठेवा, म्हणजे एकाची सावली दुसऱ्याला मिळते. खाली दोन विटा घाला, स्लॅबची धग लागत नाही आणि पाणीही निथळतं. पश्चिमेच्या बाजूला ओळीने रिकामी खोकी किंवा जुनं गोणपाट उभं करा. मातीवर पाचट, वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, जे असेल त्याचा चार बोटं थर द्या. सकाळचं पाच-सहा तासांचं ऊन बटाट्याला पुरतं. दुपारी दोननंतरचं ऊन त्याला नकोच असतं, म्हणून पूर्वेची बाल्कनी असेल तर गच्चीचा हट्ट सोडा.

तारीख

दिवाळीचा फराळ संपला की बेणं मातीत गेलं पाहिजे. पुण्यात नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. म्हणजे बटाटे धरायची वेळ, लागवडीनंतर साधारण ३० ते ४५ दिवस, नेमकी डिसेंबरच्या थंडीत येते आणि ते पोसतात जानेवारीत. मी पहिली दोन वर्षं नाताळच्या सुट्टीत लावत होते, मुलांना मजा म्हणून. त्यामुळे माझे बटाटे पोसायला निघायचे तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला आणि दुपारचा पारा ३२-३३ वर.

ऑक्टोबरात घाई करणंही वाईट, कारण ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या कोंबांना भाजतं आणि कापलेलं बेणं गरम ओल्या मातीत कुजतं. नाशिक, नगर, छत्रपती संभाजीनगरला हाच पंधरवडा चालतो. विदर्भात रात्री छान गार होतात, पण फेब्रुवारीअखेर उन्हाळा दारात उभा असतो, तिथे नोव्हेंबरची दहा तारीख ओलांडू नये. मुंबई, कोकण, गोवा इथल्या वाचकांना खोटं कशाला सांगू? तिथे रात्री पुरेशा गार होणारे आठवडे मोजकेच मिळतात. दोन खोकी हौसेने लावा, पोतीभर निघतील ही आशा ठेवू नका.

"मग सातगाव पठारावर पावसाळ्यात कसा होतो?" हा प्रश्न येतोच. आंबेगाव तालुक्यातल्या त्या पठारावर जूनच्या पावसावर बटाटा लावतात आणि सप्टेंबरात काढतात, हे खरं. पण तिथे उंची आहे, ढगाळ गार हवा आहे आणि पाणी निथळून जाणारी जमीन आहे. आपल्या गच्चीवरचं पोतं जुलैत चिखलाने भरतं. मी एकदा करून पाहिलंय, वास आठवतो अजून.

जातीचंही इथेच सांगून टाकते. गच्चीवर ७० ते ९० दिवसांत तयार होणारी जात हवी. कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी या त्यातल्या. कुफरी हे शिमल्याजवळचं गाव. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जाती त्या नावाने येतात. त्यांतल्या एकीचं नाव चक्क मराठी आहे: 'कुफरी लवकर', आपल्या पठारी भागासाठी १९७२ साली आलेली, आणि नावाप्रमाणे लवकर तयार होणारी. उष्णता सोसणारी 'कुफरी सूर्या' ही नंतरची. मिळाली तर मुंबईकरांनी तीच लावावी.

झाड माजलंय

हा शब्द मला मामांकडून मिळाला. मामा म्हणजे माझे मामेसासरे, मंचरकडे बटाट्याची शेती. एकदा आमच्या गच्चीवर आले, झाडांकडे बघून मी कौतुकाची वाट पाहत उभी. ते पान चुरगाळून म्हणाले, "सूनबाई, हे झाड माजलंय. तुम्ही याला रोज जेवायला घालता का?"

रोज नव्हे, पण आठवड्याला घालत होते. अर्धं पोतं शेणखत, वर गांडूळखत, दर रविवारी ढेपेचं आंबवलेलं पाणी. नत्राने पालेवाढ होते आणि झाडाला पोटभर नत्र मिळत असेल तर ते बटाटा धरायला उशीर करतं. गच्चीवर उशीर करायला वेळच नसतो. आता मी तीन भाग जुनी कुंड्यांची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं खत आणि एक भाग वाळक्या पाल्याचा चुरा किंवा कोकोपीट असं भरते. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी एकदा मूठभर गांडूळखत, आणि मातीची भर दिली, म्हणजे खोडाशी वरून मातीचा थर चढवला, की नत्र बंद. म्हणजे ढेप नाही, जीवामृत नाही, युरिया तर नाहीच. पालाश हवं असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश चमचाभर पाण्यात विरघळवून एकदा द्यावं.

राख घालू नका. हे ऐकून आमच्या सासूबाई नाराज झाल्या होत्या, कारण बटाट्याला राख ही त्यांची माहेरची रीत. पण बटाट्याला किंचित आंबट माती आवडते, राखेने ती अल्कली होते आणि सालीवर खवले धरतात, खडबडीत, बुचासारखे. ताज्या शेणानेही तेच होतं. सोललं की बटाटा खायला चालतो, पण अर्धा सालीतच जातो. कापलेल्या बेण्याला चिमूटभर राख चोळण्यापुरती रीत आम्ही राखली आहे, त्याने बिघडत नाही. सिमेंटची पोती वापरणाऱ्यांनी याच कारणाने ती उलटी करून, झटकून, तीन पाण्यांनी धुवावीत.

बेणं आणि दाटी

टोपलीतल्या कोंब आलेल्या बटाट्यांवर सगळ्यांचा डोळा असतो, फुकटचे म्हणून. ते चालतात, पण कधी कधी. शीतगृहातल्या काही मालाला कोंब येऊ नयेत म्हणून औषध दिलेलं असतं. असा बटाटा महिनाभर ठेवला तरी डोळे मिटूनच बसतो. नवा बटाटा असेल तर तो दोन-अडीच महिने विश्रांती घेतोच. आणि वाण्याकडच्या बटाट्याची जात कळत नाही, रोग कळत नाहीत. दोन वर्षं फुकटच्या बेण्यावर हंगाम घालवल्यावर मी मंचरच्या बाजारातलं बेणं मामांच्या पोत्यातून किलोभर मागून घ्यायला लागले. ते बेणं पंजाबातून येतं, पन्नास किलोच्या गोणीत. शहरात राहणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून शेतकऱ्याकडून पाच किलो घेतलं तरी सगळ्यांचं भागतं.

आणलेलं बेणं लगेच लावायचं नाही. आठ-दहा दिवस उजेडात, पण उन्हात नाही, अंड्याच्या ट्रेमध्ये मांडून ठेवायचं. कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे यायला हवेत. अंधारातले लांब पांढरे कोंब हात लावताच मोडतात. अंड्याएवढा बटाटा अख्खाच लावा. मोठा असेल तरच कापा, दर तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून, आणि काप दोन दिवस सुकू द्या.

आता दाटी. वीस लिटरच्या बादलीत एकच बेणं. साखरेच्या पोत्यात, कडा दुमडून कमरेपर्यंत आणलेल्या, तीन. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात दोन. मी आधी बादलीत चार लावायचे, चारपट निघतील म्हणून. माती तेवढीच, पाणी तेवढंच, मग तेच अन्न तीस गोट्यांत वाटलं जातं. झाड वीतभर झालं की दोन-तीन जोमदार खोडं ठेवून बाकीची मुळाशी कात्रीने कापा. उपटू नका, शेजारची हलतात.

उंच मनोऱ्याची गोष्ट

झाड वाढेल तशी माती भरत जा, मनोरा उंच करा, प्रत्येक थराला बटाटे लागतील, असं दाखवणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. माझा ड्रम त्यातूनच आला. आपल्याकडच्या कमी दिवसांच्या जाती बेण्याच्या वरच्या वीतभर पट्ट्यातच बटाटे धरतात आणि मग थांबतात. वर चढवलेली दोन फूट माती नुसती शोभेची. भर द्यायची ती एकदा किंवा दोनदा, चार-पाच बोटं, ती बटाट्यावर ऊन पडू नये म्हणून. ऊन लागलेला बटाटा हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विष वाढतं, तो कडू लागतो आणि पोटाला बाधतो. हिरवा भाग जाड कापून टाका. बराच हिरवा असेल तर अख्खाच फेका.

भर न देण्याचा दुसरा तोटा म्हणजे बटाट्याची पाकोळी. राखाडी, बारीक, संध्याकाळी झाडाभोवती भिरभिरणारी. उघड्या बटाट्याच्या डोळ्याशी अंडी घालते, अळी आत बोगदे करते. माती भेगाळू न देणं आणि बटाटे झाकलेले ठेवणं, एवढा साधा उपाय गच्चीवर पुरतो.

पाणी आणि करपा

पाण्यासाठी शेतकऱ्यांचा एकच शब्द पुरे आहे, वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, टोचलं तर फुटावा. पोतं कडेने सुकतं आणि मध्ये ओलं राहतं, म्हणून बोट कडेला नको, मध्ये घाला. बटाटे धरायच्या त्या दोन-तीन आठवड्यांत माती एकदाही कडक होऊ देऊ नका, गाठी आणि चिरा तेव्हाच्या असतात.

डिसेंबरात तीन-चार दिवस ढगाळ, दमट हवा आली की पानांवर पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग बघा. उशिराचा करपा आठवड्यात झाड बसवतो. डागाळलेला पाला तेव्हाच कापून कचऱ्यात द्या, खताच्या खड्ड्यात नको, आणि शेजारी टोमॅटो असेल तर त्याच्याकडेही बघा, रोग तोच. पाणी पानांवर कधी मारू नका. मावा दिसला तर साबणाचं पाणी. फुलांनंतर टोमॅटोसारखी हिरवी फळं धरली तर मुलांपासून जपा, तीही विषारी.

काढणी आणि खर्च

पाला पिवळा पडून आडवा झाला की पाणी तोडा. आठ-दहा दिवसांनी खोड मातीलगत कापा, आणखी आठवडा बटाटे मातीतच राहू द्या. अंगठ्याने घासून साल निघत नसेल तर तयार. मध्येच "बघू या किती झालेत" म्हणून उकरायचा मोह माझ्या मुलीला अजून आवरत नाही. तिच्यासाठी एक बादली वेगळी ठेवलीय.

गेल्या हंगामात तीन पोती, दोन खोकी, एक बादली मिळून साडेसहा किलो निघाले. बेण्याला ६० रुपये, पोत्यांना ३०, खोकी फुकट, माती जुनीच. म्हणजे किलोला १४ रुपये पडले आणि बाजारात तेव्हा भाव ३० होता. शंभर रुपये वाचले, फार तर. तयार कुंडीमाती विकत आणली असती तर एका पोत्यालाच चारशे गेले असते आणि त्यात निघतो दीड किलो बटाटा. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर माती विकत घेऊ नका. आधी वर्षभर वाळका पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवा, मग बटाट्याकडे वळा. प्लास्टिकचं पोतं दुसऱ्या हंगामात उन्हाने भुगा होऊन मातीत मिसळतं, म्हणून एकदा वापरलं की मी ते कचऱ्यात देते, कितीही धड दिसलं तरी.

पुढच्या वर्षीचं बेणं घरी राखायचा नाद सोडून दिला. फेब्रुवारीत काढलेला बटाटा एप्रिलमध्ये कोंब काढतो आणि नोव्हेंबरपर्यंत सुकून बोरासारखा होतो. रिकाम्या झालेल्या मातीत टोमॅटो, मिरची, वांगी लावत नाही, रोग एकाच घरातले. त्यात चवळी टाकते, आणि तिला मात्र फेब्रुवारीचं ऊन मानवतं.